खुलासा द्या, कबुली नको

प्रश्न : भांडुपच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी कायम संगणक शिक्षक आहे. नववी-दहावीच्या मुलांची नावं, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल नंबर असलेली एक्सेल फाइल बाहेर गेली. पालकांना 'फी थकलीय, या लिंकवर भरा' असे फोन येऊ लागले. एकाचे 18 हजार गेले. ऑफिसचा संगणक, मुलांची लॅब आणि स्नेहसंमेलनात फळ्यावर पासवर्ड लिहून सगळ्यांना दिलेला वायफाय, सगळं एकाच राउटरवर आहे. ऑफिसचं नेटवर्क वेगळं करा, असा अर्ज मी दोनदा दिला होता. आता संस्थेने कारणे दाखवा नोटीस काढली आहे. 'माझ्या निष्काळजीपणामुळे झालं एवढं लिहून द्या, इथेच मिटवू' असं तोंडी सांगतात. पुरावा हाताशी असावा म्हणून ती फाइल आणि राउटरचा लॉग (कोणतं उपकरण कधी जोडलं गेलं याची नोंद) पेनड्राइव्हवर घरी आणून ठेवला आहे. काय करू?

उत्तर : सर, नोटिशीपेक्षा मला तुमच्या पेनड्राइव्हची जास्त धास्ती वाटते. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये बसतं, आणि त्यात अप्रामाणिक हेतू दाखवता आला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद. तुमचा हेतू चांगला आहे हे मला पटतं. पण ज्यांना बळीचा बकरा हवाय, त्यांना मुलांचे आधार क्रमांक तुमच्या घरी सापडले तर आयतंच कोलीत. ड्राइव्ह उघडू नका, पुसूही नका. पाकिटात सीलबंद करून, कधी आणि का कॉपी केलं ते पत्रात लिहून मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्या.

त्याच पत्रात मागणी करा : राउटर रीसेट करू नये, ऑफिसचा संगणक फॉरमॅट करू नये. साध्या राउटरमधला लॉग नव्या नोंदींखाली पुसला जातो, कधी वीज गेली तरी उडतो. तुम्हाला सोडवेल तो नेमका हाच लॉग. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंय, त्याचा हवाला द्या. आणि लॉग काढायचा तो पोलिसांनी किंवा जाणकाराने, हॅश व्हॅल्यूसह (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा आकडा). भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र नसेल तर तुमच्या घरच्या प्रतीला न्यायालयात फारशी किंमत नाही.

आता नोटीस. खुलासा मुदतीत द्या, पण 'निष्काळजीपणा' हा शब्द कुठेही नको. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी नियमावली, 1981 च्या नियम 28 मध्ये कर्तव्यातली कसूर 'जाणीवपूर्वक आणि सातत्याने' झालेली असावी लागते. नेटवर्क वेगळं करा म्हणून दोनदा अर्ज देणाऱ्याला हे कसं लागू होणार? अर्जांच्या प्रती आवक क्रमांकासह जोडा. आवक क्रमांक नसेल (शाळांत बहुधा नसतोच), तर मुख्याध्यापकांना पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज शोधा. रीतसर चौकशीशिवाय तुम्हाला काढता येत नाही. काढलंच तर 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 खाली 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. ते 30 दिवस वाटाघाटीत घालवू नका.

संस्थेला तुमची सही एवढी का हवीय? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कसुरीला 250 कोटींपर्यंत दंड आहे, तो आकडा कुणीतरी त्यांना वाचून दाखवला असावा. तुमच्या प्रकरणात तो भीतीपुरताच, कारण त्या तरतुदी मे 2027 पासून लागू होतात. पण तिथेही जबाबदारी डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्याची, म्हणजे संस्थेची. पगारी शिक्षकाची नव्हे.

एक काम मात्र आजच करा. पैसे गेलेल्या पालकांना 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. पैसे खात्यातून काढून घेतले जाण्याआधी तक्रार गेली तरच ते गोठवता येतात, आणि शाळेतून अजून कुणी त्यांना हे सांगितलेलं दिसत नाही.