आमवातातला ‘आम’ आणि शेजारच्या काकू

प्रश्न असा आलाय: आईच्या बोटांच्या दुखण्याला वैद्यांनी ‘आमवात’ म्हटलं, शेजारच्या काकूंनी लगेच आंबे बंद करायला लावले. तर आमवात आणि संधिवात एकच का? आणि ‘संधि’ ऱ्हस्व की दीर्घ?

काकूंना नमस्कार सांगा आणि आंबे पुन्हा अढीत ठेवा. दर उन्हाळ्यात हे ऐकून माझ्याच डोक्यात वात येतो. आम म्हणजे आंबा, तो हिंदीत! मराठीत ताम्राचं तांबं झालं, तसा आम्राचा आंबा झाला. मग आमवातातला साधा संस्कृत ‘आम’ मराठीत कुठे गेला? ग्रामाचं गाव, नामाचं नाव, त्याच चालीवर आमाची आव. पोट बिघडल्यावर पडते तीच. आमांशातही तोच बसलाय.

आम म्हणजे कच्चं, न शिजलेलं. ऋग्वेदात इंद्राला म्हटलंय, ‘आमा’ गाईंच्या आत तू ‘पक्व’ दूध ठेवलंस. कच्च्या गाईत शिजलेलं दूध! माझी खात्री आहे की या कवीने स्वतः धार काढलेली असणार. चुलीवर न ठेवता हाताला ऊन लागणारं धारोष्ण दूध बघितल्याशिवाय हे सुचत नाही. ग्रीकांचा ‘ओमॉस’ म्हणजे कच्चा, तोही याच आमाचा सख्खा भाऊ.

आयुर्वेदाची कल्पना अशी: जठराग्नी मंदावला की अन्नरस कच्चा राहतो, आणि हा आम वातासोबत सांध्यांत जाऊन बसतो. माधवनिदान या रोगांची ओळख सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे. हल्ली चूर्ण विकणारे, आणि शिकलेले वैद्यसुद्धा, आमाला सरसकट ‘टॉक्सिन’ म्हणतात. अहो, कच्ची राहिलेली भाकरी म्हणजे विष का? अख्खं स्वयंपाकघर त्या शब्दात होतं, ते तुम्ही एका इंग्रजी शब्दात घालवलंत.

संधिवाताचं राहिलंच. चरक ‘संधिगत वात’ सांगतो: वारा भरलेल्या कातडी पिशवीसारखी हाताला लागणारी सूज, हलवताना कळा. आज मात्र संधिवात हे अख्ख्या कुळाचं नाव झालंय. झिजलेला गुडघा त्यातच, आणि डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, तोही त्यातच. वैद्य आमवात म्हणतात तो बहुधा हा दुसरा. झिजेचा आखडलेपणा सकाळी उठून हिंडलं-फिरलं की साधारण अर्ध्या तासात सुटतो. दोन्ही हातांची बोटं सुजलीत आणि तासभर मूठ वळत नाही, असं असेल तर तेल चोळत वर्ष काढू नका, संधिवाततज्ज्ञाला दाखवा. वाकडा झालेला सांधा औषधाने सरळ होत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ: एकटी ‘संधी’ दीर्घ, समासात शिरली की ऱ्हस्व. संधिप्रकाश, संधिवात. आईंना साखरेचा त्रास नसेल तर हापूस चालेल.