हरण्याची घाई

"घरी उत्तम खेळते, क्लासमध्ये मोठ्या मुलांना हरवते, पण निवड स्पर्धा आली की कच खाते." बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते सुरू होताच पुढची मागणीही मला ठाऊक असते: "मॅडम, एकाग्रता वाढवायला काहीतरी सांगा की." डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तर बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून असे पालक अधिकच येऊ लागले आहेत. त्या सर्वांसाठी एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. तिला आपण जाई म्हणू.

जाई १३ वर्षांखालील गटात खेळत होती. आमच्या सीमाभागातल्या मुलांचे एक निराळेच त्रांगडे असते. सरावाच्या स्पर्धा कोल्हापूर-सांगलीला, कारण ती गावे हाकेच्या अंतरावर. राष्ट्रीय स्पर्धेसाठीची निवड मात्र कर्नाटकातून, त्यामुळे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून जायचे, वडिलांनी रजा काढायची, आईने दोन दिवसांच्या दशम्या बांधून द्यायच्या. निवड स्पर्धा स्विस पद्धतीची असते. तीत हरलेला बाहेर पडत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घातली जाते आणि शेवटी वरच्या मोजक्या जागांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडते. गुण सारखे झाले तर बहुधा बुखोल्झ पाहतात, म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज. आपला डाव संपवून आपण मोकळे झालो तरी आपला क्रमांक इतरांच्या पटांवर ठरत राहतो. ही ताटकळ मोठ्या माणसालाही जड जाते, इथे तर बारा वर्षांची मुलगी होती.

पहिल्या भेटीत बोलले ते वडीलच. "कोल्हापुरात सोळाशे मानांकनाच्या पोराला हरवून आली ही, मॅडम. आणि तिथं जाऊन साध्या साध्या पोरींसमोर वजीर देऊन बसली बघा. बरोबरीच्या मानांकनाच्या पोरीकडनं एक डाव हरला की मानांकनातले वीस गुण जातात!" आकडा त्यांनी अचूक सांगितला होता. मानांकन मोजताना लहान खेळाडूंसाठी गुणक ४० असतो आणि बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यास त्याच्या निम्मे गुण वजा होतात. जाई शेजारी बसून पायातल्या चपलेचा बंद बोटाने ओढत होती.

माझा कल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराकडे आहे, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. माणसाला प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीची त्याची समजूत अधिक छळते, हा त्या विचाराचा गाभा. म्हणून मी ठरलेल्या वाटेने गेले आणि "मला जिंकायलाच हवे" या वाक्यातला "च" शोधू लागले. तो सापडलाही. जिंकणे आवडणे वेगळे आणि जिंकलेच पाहिजे असा हट्ट वेगळा, हे जाईने चटकन मान्य केले. इतक्या चटकन की तिसऱ्या भेटीपर्यंत ती माझ्या प्रश्नांना गाइडातून पाठ केल्यासारखी उत्तरे देऊ लागली. आणि मी, आता कबूल करते, त्यावर समाधानी होते. पुढच्याच स्पर्धेत ती पुन्हा तशीच हरून आली.

मग मी तिला निवड स्पर्धेतल्या सगळ्या डावांचे कागद आणायला सांगितले. मला घोड्याच्या अडीच घरांपलीकडे बुद्धिबळ येत नाही, पण कागद वाचता येतात. खेळाडूला आपल्या डावाची नोंद स्वतः लिहावी लागते, आणि जाईच्या प्रशिक्षकांनी तिला प्रत्येक खेळीपुढे घड्याळातला उरलेला वेळ लिहायची सवय लावली होती. त्या स्पर्धेत प्रत्येकाला ९० मिनिटे आणि दर खेळीमागे ३० सेकंदांची भर होती. पहिल्या तीन फेऱ्यांच्या कागदांवर वेळ हळूहळू उतरत गेला होता, जसा उतरायला हवा तसा. चौथ्या फेरीचा कागद पाहताना मात्र मी थबकले. १३व्या खेळीपुढे १ तास १० मिनिटे लिहिले होते आणि २२व्या खेळीपुढे १ तास १३. वेळ चक्क वाढला होता! मधल्या नऊ खेळ्या मिळून तिने जेमतेम दीड मिनिट खर्च केले होते, आणि त्यांतच वजीर गेला होता. पाचव्या फेरीत तोच प्रकार. शेवटच्या दोन फेऱ्यांत, निवडीची आशा संपल्यावर, अक्षर पुन्हा गोल, वेळ पुन्हा उतरता, आणि दोन्ही डाव जिंकलेले.

"जाई, इथं वेळ वाढत कसा गेलाय गं?"

"पटकन खेळलं की वाढतोय की. तीस सेकंद मिळतात."

"मग पटकन का खेळलीस?"

"सुचलं."

"नऊच्या नऊ वेळा?"

ती गप्प राहिली. कागदाचा कोपरा दुमडत राहिली, उलगडत राहिली. मीही गप्प राहिले. या व्यवसायात इतक्या वर्षांत एवढे तरी जमू लागले आहे.

"त्या वेळी तुला कुणी सांगितलं असतं, की अजून दोन तास इथंच बसायचंय, तर?"

"नको वाटलं असतं. पोटात पिळवटतंय तिथं."

"आणि हरल्यावर?"

"थांबतंय." मग जरा वेळाने, कागदाकडेच पाहत ती म्हणाली, "हरलं की पप्पा रात्री हिशोब काढत नाहीत. नीट जेवतो आम्ही."

लॉजवरच्या खोलीत रोज रात्री काय चालत असे ते मग हळूहळू उलगडले. वडील मोबाइलवर गुणतक्ता उघडून बसत. उद्या अर्धा गुण मिळाला तर काय, अमुक मुलगी हरली तर बुखोल्झ किती, हे सारे ते मोठ्याने बोलत आणि जाईसमोरची दशमी तशीच वाळत पडे. ते रागावत मुळीच नसत. पण दोन पराभव झाले, हिशोबात काही उरले नाही, की मोबाइल बाजूला ठेवला जाई आणि बापलेक हसत जेवत.

मी जो "च" शोधत बसले होते तो तिच्या दुखण्याचा लहानसा भाग होता. "जिंकायलाच हवे" याच्याइतकीच "हे मला सोसवणार नाही" ही समजूतही माणसाला घेरते, हे एलिस यांनीच सांगितले आहे. मी पहिलीच धरून बसले होते. जाईला पराभव हवा नव्हता, तिला सुटका हवी होती, आणि पटावरून लवकर उठण्याची हुकमी वाट म्हणजे हरणे. ज्याला सगळे निष्काळजीपणा म्हणत होते ती हरण्याची घाई होती.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की, बदाम, ध्यानाचे वर्ग आणि एकाग्रतेची ॲप यांच्या मागे लागण्याआधी डावांचे कागद समोर घ्या. मूल सगळीकडेच, अगदी घरीसुद्धा, भराभर खेळत असेल तर तो प्रशिक्षकांचा विषय आहे. घाई नेमकी पणाला काही लागलेल्या फेरीतच येत असेल आणि आशा संपताच जात असेल, तर एकाग्रता शाबूत आहे. तिथे अस्वस्थता घेऊन बसून राहायला शिकवावे लागते. आणि स्पर्धा नसतानाही पोट दुखत असेल, झोप किंवा जेवण बिघडले असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

जाईबरोबर मी माझ्या टेबलावर पट मांडला, चौथ्या फेरीतली १३व्या खेळीनंतरची स्थिती लावली आणि घड्याळ सुरू केले. अट एकच: दोन्ही हात मांडीखाली. सोंगटीला हात लागला की ती हलवावीच लागते, हा खेळाचा नियमच आहे. पहिल्या दिवशी ती पन्नास सेकंदांत उठली. "शांत हो" असे मी तिला एकदाही म्हटले नाही. "पिळवटतंय तर पिळवटू दे," एवढेच म्हणाले, "पोट काही खेळी करत नाही." त्यावर ती पहिल्यांदा खळखळून हसली. दीड महिन्यात ती सात मिनिटे बसू लागली.

वडिलांना वळवणे त्याहून अवघड गेले. "हिशोब नको केला तर कळणार कसं, मॅडम?" असे त्यांनी जरा तुटकपणेच विचारले. मी म्हटले, "करा की. पण खाली जिन्यात उभं राहून करा, तिच्या ताटासमोर नको." ते त्या दिवशी नाराज होऊन गेले. मला मात्र तेव्हाच जाणवले, की हॉलमध्ये पालकांना प्रवेश नसतो, बाहेर उभे राहून तासन्‌तास करायचे तरी काय. ताटकळ त्यांनाही सोसवत नव्हती आणि आकडे हीच त्यांची घाई होती. पुढच्या भेटीत हेच मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि पुढच्या स्पर्धेला मोबाइलवर भजने भरून घेतली.

पुढच्या वर्षीच्या निवड स्पर्धेत जाईची निवड झाली नाही. गुण बरोबरीचे झाले आणि बुखोल्झमध्ये ती मागे पडली. ते गणित कोणाच्याच हातात नव्हते. पण परतल्यावर ती स्वतःहून सातव्या फेरीचा कागद घेऊन आली. तो डाव तिने जिंकला होता. १८व्या खेळीपुढे ५८ मिनिटे होती आणि १९व्या खेळीपुढे ३७.

"इथं काय झालं?" मी विचारले.

"पोट दुखत होतं. बसले," ती म्हणाली. "मग उंट दिसला."