सोलंगला जायचंय? आधी गजर लावा

मागच्या अंकात मी मनालीजवळच्या सोलंगचा जेमतेम एका ओळीत उल्लेख केला, तर टपालाचा निम्मा गठ्ठा तेवढ्यावरच आला. साहजिक आहे, सुट्ट्या तोंडावर आल्यात. मनालीला मी पहिल्यांदा गेले ती गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी, पाठीवर सॅक आणि पायात मैत्रिणीचे एक नंबर मोठे बूट. नंतर साताऱ्याहून गट घेऊन किती वेळा गेले, ते मोजणं सोडून दिलंय. तेव्हा उत्तरं थोडी ऐसपैस झाली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मनालीला जातोय. बरोबर ९ आणि ६ वर्षांची मुलं आणि सासूबाई. मुलांना बर्फात खेळायचंय. टूरवाला म्हणतो, सोलंगला बर्फ मिळेल. खरं का?
– एक वाचक, सांगली

मिळेल, पण डोळ्यांना. समोर हनुमान टिब्बा पांढराशुभ्र दिसेल आणि मुलांच्या पायाखाली हिरवं गवत असेल. सोलंगच्या उतारावर बर्फ असतो तो साधारण डिसेंबरअखेर ते मार्च. स्कीइंगचे कोर्स चालतात तेही त्याच दिवसांत. मेमध्ये बर्फ हवा तर वर, रोहतांग खिंडीच्या बाजूला जावं लागतं. त्याला गाडीचं परमिट लागतं, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि मंगळवारी तो रस्ता दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. शिवाय खिंड त्या आठवड्यात उघडलेली असेलच असं नाही. मुलांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तिथे गवतावर बसून रडारड नको.

आता कपड्यांचं. मनाली सोडली की रस्त्याच्या कडेला कोट-बूट भाड्याने देणारी दुकानं लागतात, त्यांना मोठमोठे नंबर टाकलेले असतात. ड्रायव्हर तुम्हाला ठरलेल्या नंबरवरच उतरवतो. त्याच्यावर चिडू नका, त्याचं तिथे कमिशन असतं. पण मेमध्ये फक्त सोलंगला जाणार असाल तर त्या कोटाची गरजच नाही. सकाळी स्वेटर आणि कानटोपी, अकरानंतर साधा शर्ट, एवढ्यावर भागतं. पुढे कधी हिवाळ्यात जाल तेव्हा घ्या, मात्र बुटाच्या आत हात घालून बघूनच. आदल्या गिऱ्हाइकाच्या पायाचा ओलावा आत तसाच असतो. मी एक घरचा मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यावर दुसरा मोजा असा थर करते. दिसायला विचित्र दिसतं, पण पाय कोरडे राहतात.

आणि निघा लवकर. मनालीहून सोलंग १४ किलोमीटर, म्हणजे नकाशावर अर्धा तास. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून बोगद्यापलीकडच्या लाहौलकडे जाणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्या सोलंगवरूनच जातात. साडेसहाला हॉटेल सोडलंत तर सातला गवतावर बसून चहा प्याल. नाश्ता करून नऊला निघालात तर तोच चहा वाटेतल्या पलचानला, गाड्यांच्या रांगेत, गाडीत बसून. सासूबाईंना अर्थात दोन्हीकडे बसायचंच आहे, पण पहिल्या ठिकाणी उन्हात पाय पसरता येतात.

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांची आहे. सोलंगला पॅराग्लायडिंग करायचंच असं ठरवलंय. आई परवानगी देत नाहीये. तिला काय सांगू?
– एक वाचक, ठाणे

आईला सांग, मावशी स्वतः उडालेय आणि अजून पत्रांना उत्तरं देतेय. पण तिची काळजी फुकाची नाही, म्हणून हे नीट वाच.

सोलंगला उडतात ते टँडम, म्हणजे मागे पायलट आणि पुढे तू. दोन प्रकार असतात. छोटी उडी जवळच्या उतारावरून, ती सुरू होते तोवर संपते. मोठी रोपवेच्या वरच्या टोकाकडून, तिच्यात खरी दरी दिसते. पैसे खर्चायचेच तर मोठीवर खर्च. पायलटकडे पर्यटन खात्याचा परवाना आहे का ते विचार आणि बघायला माग. लाजू नकोस, चांगला पायलट आपणहून दाखवतो. १५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचलात पावसामुळे उड्डाणं बंद असतात. त्या दिवसांत कुणी ‘गुपचूप करून देतो’ म्हणालाच, तर तिथून सरळ चालू लाग.

वेळ सकाळची. ऊन वर आलं की डोंगराचे उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर चढायला लागते आणि तिची जागा भरायला खालून दरीतून वारा सुटतो. दुपारी तो चांगलाच अंगात येतो. सकाळी आठ-नऊला जो पंख (म्हणजे डोक्यावरचं ते मोठं कापड) शहाण्यासारखा वर येतो, तोच दोनला आडवा ओढतो. दुपारी पायलट ‘थांबा’ म्हणाला तर थांब, ‘परत या’ म्हणाला तर परत ये. पैसे दिलेत म्हणून हट्ट करू नकोस.

तुला बांधायचे पट्टे तीन. दोन मांड्यांचे, एक छातीचा. आधी मांड्यांचे लावतात, कारण तुझं सगळं वजन त्यांच्यावर येणार असतं. पायलटने लावले तरी उडण्याआधी प्रत्येक बकल तू स्वतः ओढून बघ. बकल बसल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, तो तुझ्या कानाने ऐकायचा. मोबाइल आत, चेन लावलेल्या खिशात. आलू पराठा नंतर.

माझी फजिती सांगते म्हणजे तुझी टळेल. उतारावर धावायला लागल्यावर दोरांनी मागे ओढलं आणि मला वाटलं, उडालो. मी पाय उचलून ऐटीत खुर्चीत बसावं तशी बसले. पायलट ओरडतोय, ‘भागो दीदी, बैठना नहीं!’ पंख पुरता भरलाच नव्हता. दोघंही गवतावरून दहा-बारा फूट घसरत गेलो. त्याला काही झालं नाही, माझ्या पँटची शिवण मात्र मागून सरळ उसवली. दुसऱ्यांदा कमरेला स्वेटर बांधून धावले. पाय हवेत सुटले तरी धावत राहायचं, तो ‘बैठो’ म्हणेपर्यंत, एवढं पक्कं लक्षात ठेव.

प्रश्न : बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे. उंचीवर श्वास लागेल का?
– एक वाचक, नागपूर

गोळ्या आणि प्रवास याबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, ते माझं काम नाही. उंचीचा अंदाज मी देते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली साधारण २,०५० आणि सोलंग अडीच हजारांच्या आसपास. विरळ हवेचा त्रास बहुतेकांना अडीच हजारांच्या वर जाणवायला लागतो. म्हणजे सोलंग उंबरठ्यावर आहे. सावकाश चाला, पाणी पीत राहा, झोपायला मनालीत या. रोहतांग ३,९७८ मीटर, आणि गाडी तिथे काही तासांत नेऊन ठेवते. मनालीला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांना तिथे नेऊ नका. दोन रात्री आधी मनालीत काढा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर फोटोसाठी थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. कापूर हुंगून विरळ हवा दाट होत नाही. (आमच्या गटात दरवर्षी कुणीतरी पुरचुंडी बांधून आणतंच.)

प्रश्न : चौघांचं बजेट बेताचं आहे. झोर्बिंग, झिपलाइन, घोडा, रोपवे सगळं केलं तर दिवाळं निघेल. काही न करता सोलंगला जाण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. झोर्बिंगच्या त्या मोठ्या फुग्यात बसून गडगडत खाली येण्यात मला तरी कधी मजा वाटली नाही. मिक्सरमधल्या वाटणाला काय वाटत असेल ते कळतं, इतकंच.

तुम्ही अंजनी महादेवला चालत जा. वाट नाल्याच्या कडेने जाते, चढ बेताचा आहे आणि शेवटी उंचावरून पाण्याची धार पडते. हिवाळ्यात ती गोठत जाते आणि खाली बर्फाचं शिवलिंग वाढतं. मेमध्ये तुम्हाला धारच दिसेल. वाटेत घोडेवाले ‘बहुत दूर है साहब’ म्हणत बरोबर चालत राहतात. त्यांना हसून नमस्कार करा आणि पुढे व्हा. वरचा शेवटचा टप्पा दगडांचा आणि ओला असतो, चपला घालून जाऊ नका.

दुसऱ्या सकाळी सोलंगजवळच्या बुरुआ गावात शिरा. लाकूड आणि दगडाचे थर रचून बांधलेली घरं, खाली गुरं, वर माणसं. कुणाकडे सिड्डू मिळतो का विचारा. आंबवलेल्या कणकेत खसखस किंवा अक्रोडाचं सारण भरून तो उकडतात आणि वर तूप ओततात. आपल्या दिंडांचा पहाडी चुलत भाऊ म्हणा. सांगायचं एकदम आणि थांबायचं तासभर, कारण उकडायला वेळ लागतो.

पाय भक्कम असतील आणि दोन-तीन दिवस असतील तर धुंदी, बकरथाच करत ब्यास कुंडापर्यंतचा ट्रेक आहे, पण स्थानिक वाटाड्या घेऊनच. ‘थाच’ म्हणजे डोंगरातलं चराऊ कुरण. उन्हाळ्यात गद्दी लोक मेंढ्या घेऊन वर येतात. त्यांचे कुत्रे गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून फिरतात, त्यांना बिस्किटं दाखवून लाड करायला जाऊ नका. ते ड्युटीवर असतात.

प्रश्न : एका हॉटेलने ‘नाला व्ह्यू’ खोलीचे जास्त पैसे सांगितलेत. नाल्याकडेच्या खोलीचे जास्त पैसे का द्यायचे?
– एक वाचक, डोंबिवली

हसून हसून पुरेवाट झाली. अहो, तिकडे नाला म्हणजे डोंगरातला स्वच्छ ओढा. सोलंगलाही तिथले लोक सोलंग नालाच म्हणतात. तेव्हा वासाची भीती नाही. मेमध्ये खुशाल घ्या, फक्त झोप सावध असेल तर कापूस न्या, रात्रभर पाणी गर्जत असतं. पावसाळ्यात जाणार असाल तर मात्र मीच म्हणेन, जास्त पैसे देऊन वरच्या अंगाची, पाण्यापासून लांबची खोली घ्या. जुलै २०२३ मध्ये ब्यास नदीला आलेल्या पुराने काठचे रस्ते आणि इमारती ओढून नेल्या होत्या.