इंग्रजीत कानावरून कोणते वाक्प्रचार आहेत? 'प्ले इट बाय इअर'चा अर्थ काय?

'प्ले इट बाय इअर' म्हणजे आधी काही न ठरवता, समोर जसं येईल तसं निभावून नेणं. मूळ संगीतातलं: नोटेशन न वाचता नुसतं ऐकून वाजवणं. सिंधुदुर्गात दशावतार पाहिला असेल तर हे समजावून सांगायलाच नको. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पेटीवाला नि पखवाजवालाही नटाकडे कान लावूनच साथ करतात. इंग्रजांना हा शब्द सुचला, आमच्याकडे रात्र रात्र तो जगतात!

'वेट बिहाइंड द इअर्स' म्हणजे अगदी नवखा. जणू नुकतं जन्मलेलं, कानामागे अजून ओलं असलेलं वासरू. आपण म्हणतो, ओठ पिळले तर दूध निघेल. 'ऑल इअर्स' म्हणजे जिवाचा कान करून ऐकणं. 'वॉल्स हॅव इअर्स' तर आपलंच, भिंतीलाही कान असतात.

घोळ होतो तो 'टर्न अ डेफ इअर'पाशी. ऐकूनही न ऐकल्यासारखं करणं, म्हणजे कानाडोळा. पुष्कळजण तिथे 'कानावर हात ठेवणे' लिहितात, पण त्याचा अर्थ 'मला यातलं काही माहीतच नाही' असा होतो. आणि 'कान फुंकणे' शब्दशः इंग्रजीत नेऊ नका, ऐकणारा कानाच्या डॉक्टरचा पत्ता देईल.