एक्स-रे लेसरवर धातूंच्या उत्प्रेरकांचा अभ्यास: केमिस्ट्रीवाल्याने पीएचडीला अर्ज करावा का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी. इनऑरगॅनिक केमिस्ट्री संपत आलीय, युरोपात 'धातूंच्या उत्प्रेरकांची अतिजलद एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपी' या विषयात पीएचडीची जागा दिसलीय, पण फिजिक्स कच्चं आहे. यात रोज करायचं काय असतं आणि आपल्याला जमेल का?

जमेल. अर्ज जरूर करा. मी स्वीडनमध्ये याच विषयात पीएचडी करते आहे आणि माझीही एम.एस्सी. इनऑरगॅनिकचीच. लेसर आणि डिटेक्टर कोळून प्यायलेली माणसं या क्षेत्रात भरपूर आहेत. कुठला रेणू घ्यावा, तो द्रावणात टिकेल का, त्यातल्या धातूला नेमकं काय विचारायचं, हे ज्याला कळतं असा माणूस मात्र टीमला शोधावा लागतो.

विषयाचा गाभा असा. उत्प्रेरकात बंध तुटण्या-जुळण्याची खरी पायरी फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक हजार लाख कोटीव्या भागांत, उरकते. एका फेम्टोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ०.३ मायक्रॉन जातो. इतक्या कमी वेळात रेणूंचं काय होतं ते लेसरच्या स्पंदांनी पाहता येतं, हे अहमद झेवैल यांनी दाखवलं. १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. पण दृश्य प्रकाशाला बहुतेक वेळा सगळा रेणू एकत्रच दिसतो. एक्स-रे एकेक मूलद्रव्य वेगळं काढतात. लोहाची शोषणाची कड, म्हणजे ज्या ऊर्जेला ते अचानक जास्त एक्स-रे शोषू लागतं ती, ७,११२ इलेक्ट्रॉन व्होल्टला, कोबाल्टची ७,७०९ला, निकेलची ८,३३३ला. ऊर्जा तिथे लावली की भोवती सॉल्व्हंटचा केवढाही पसारा असो, मुख्यतः त्या एका धातूचीच खबर मिळते: ऑक्सिडेशन स्टेट बदलली का, रिकामी डी-ऑर्बिटल्स कुठे सरकली, स्पिन बदलला का. लिगँड फील्ड थिअरी, म्हणजे धातूला चिकटलेले रेणू त्याच्या डी-ऑर्बिटल्सच्या ऊर्जा कशा बदलतात याचा हिशोब, तुम्ही परीक्षेपुरती केली असेल. इथे ती रोज लागते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ऱ्होडियमचं. अल्केनमधला कार्बन-हायड्रोजन बंध भलताच चिवट. काही धातूंची संयुगं तो तोडतात हे १९८२मध्ये बर्गमन आणि ग्रॅहम यांच्या गटांनी इरिडियमवर दाखवलं. तुटताना इलेक्ट्रॉन कुणाकडून कुणाकडे जातात, यावर पुस्तकांत बाणांची चित्रं होती, थेट पुरावा नव्हता. २०२३मध्ये उप्साला विद्यापीठाच्या गटाने इतरांबरोबर ते मोजलं. ऱ्होडियमचं कार्बोनिल संयुग ऑक्टेनमध्ये विरघळवलं आणि लेसरच्या स्पंदाने त्याचा एक कार्बन मोनॉक्साइड उडवला. रिकाम्या झालेल्या जागी ऑक्टेन येऊन चिकटतो. पुढे काय होतं ते मागून येणाऱ्या एक्स-रे स्पंदाने ऱ्होडियमच्या सुमारे ३,००० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या कडेवर फेम्टोसेकंदांपासून नॅनोसेकंदांपर्यंत पाहिलं. अल्केन धातूला इलेक्ट्रॉन देतो तेव्हा जोडी टिकते; धातू उलट अल्केनला इलेक्ट्रॉन देऊ लागतो तेव्हा कार्बन-हायड्रोजन बंध सुटायला लागतो. देणं आणि घेणं स्पेक्ट्रममध्ये वेगवेगळं दिसलं! सिग्मा डोनेशन, बॅक-डोनेशन हे आपण फळ्यावर शिकलो, ते असं मोजता येतं, याचा आनंद मला अजून पुरत नाही.

एक्स-रेचे असे फेम्टोसेकंदांचे स्पंद देणारी यंत्रं, म्हणजे एक्स-रे लेसर, जगात मोजकीच: कॅलिफोर्नियातलं एलसीएलएस (२००९ पासून), जपानचं साक्ला, दक्षिण कोरियात पोहांगचं, स्वित्झर्लंडचं स्विसएफईएल, आणि हॅम्बर्गजवळचं ३.४ किलोमीटर लांबीचं युरोपियन एक्सएफईएल. तिथे वेळ मिळवायला प्रपोजल लिहावं लागतं, ते तज्ज्ञ तपासतात, आणि मिळतात ते थोडेच दिवस.

त्यामुळे रोजचं काम म्हणजे बहुतांश त्या दिवसांची तयारी आणि नंतरची निस्तरानिस्तर. संयुग बनवणं किंवा मागवणं, प्रकाशात ते किती तग धरतं हे आपल्या लॅबमधल्या साध्या लेसरवर बघणं, कुठल्या पायरीचा स्पेक्ट्रम कसा दिसेल याची गणितं कॉम्प्युटरवर आधीच करून ठेवणं.

बीमटाइमचं, म्हणजे यंत्रावर मिळालेल्या त्या दिवसांचं, मात्र सविस्तर सांगते. नमुना केसाएवढ्या जाडीच्या धारेतून सतत वाहता ठेवतात, म्हणजे प्रत्येक स्पंदाला ताजे रेणू मिळतात. आधी लेसर आणि एक्स-रे धारेवर एकाच ठिकाणी आणायचे, मग एकाच क्षणी. वेळ जुळवताना सुरुवातीला वेगवान फोटोडायोड वापरतात. त्याने पिकोसेकंदांपर्यंत पोहोचता येतं. नंतर धारेच्या जागी यॅग नावाच्या पदार्थाचा पातळ स्फटिक लावतात. एक्स-रे पडला की त्याची पारदर्शकता बदलते, आणि तो बदल लेसरने टिपून 'शून्य वेळ' ठरवतात. पुढे लेसरच्या वाटेतला आरसा १५ मायक्रॉन सरकवला की वेळ १०० फेम्टोसेकंदांनी बदलते, कारण प्रकाश तेवढं अंतर जातो आणि परत येतो. हे जमेपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. त्यानंतर पाळ्या लावून दिवसरात्र मोजणी. लेसर पाडलेला आणि न पाडलेला, या दोन स्पेक्ट्रममधला फरक अनेकदा एखाद्या टक्क्याचा, त्यात प्रत्येक एक्स-रे स्पंदाची तीव्रता वेगळी. धार वाकडी झाली किंवा नोझलमध्ये संयुगाचा खडा बसला, तर ते पहिल्यांदा ओळखणारा बहुधा केमिस्ट असतो.

तयारी म्हणाल तर पायथन आत्ताच सुरू करा. डेटा एवढा असतो की एक्सेल उघडायचा प्रश्नच येत नाही. फूरियर ट्रान्सफॉर्म आणि लेसरची तोंडओळख पहिल्या वर्षात होते, त्याची धास्ती नको. इंदूरला आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्स-रे देणारं यंत्र) आहे, तिथे एक्स-रे शोषण मोजायच्या बीमलाइन्स, म्हणजे प्रयोगाच्या जागा, आहेत. तुमच्या कॉलेजातल्या कुणा सरांचं तिथे काम असेल तर मोजणीच्या वेळी सोबत जा. तिथे फेम्टोसेकंद नाहीत, पण शोषणाची कड स्वतः मोजलेली असली की मुलाखतीत बोलायला जमीन असते.

पगाराचं म्हणाल तर स्वीडनमध्ये पीएचडी ही नोकरीच असते. फी नाही, मुदत चार वर्षांची, शिकवण्याचं काम घेतलं तर ती पाचपर्यंत लांबते.

मुलाखतीत तुम्हीही दोन गोष्टी विचारा. पहिली, गटाला बीमटाइम मंजूर झालाय की अजून प्रपोजलच लिहायचंय? दुसरी, प्रपोजल नाकारलं गेलं तर थिसिससाठी दुसरं काय हाताशी आहे: लॅबमधली लेसर स्पेक्ट्रोस्कोपी, सिंक्रोट्रॉनवरची मोजमापं, की जुना डेटा? दुसऱ्या प्रश्नावर गाइड गुळमुळीत बोलले, तर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका.