रीजन्सी काळातलं शहरी घर आतून कसं असायचं?

पांढरा गिलावा, लोखंडी नक्षीच्या बाल्कन्या आणि दारापाशी दोन खांब असले की घर रीजन्सी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या शैलीचं, होतं का, असं तुम्ही विचारलंय. बाहेरून ओळखायला तेवढं पुरतं. पण तो गिलावाही मुळात पांढरा नसे. आत साधी वीट, वरून गिलावा, त्यावर रेघा ओढून आणि दगडी रंग देऊन महागड्या दगडाचं सोंग! माझ्या मते खरी कमाल आत आहे.

काटेकोर बोलायचं तर रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि कारभार रीजंट, म्हणजे राजप्रतिनिधी, म्हणून मुलाच्या हाती. तेव्हाची लंडनची बहुतेक घरं आपल्या रो-हाउससारखी ओळीने, भिंतीला भिंत लावून बांधलेली. दर्शनी बाजू अरुंद, घर मागे लांबवर गेलेलं. स्वयंपाकघर तळघरात, पाहुण्यांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, नोकरमाणसं माळ्यावर. म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच आणि वर जाल तशा बुटक्या. आणि घराच्या मधोमध अंधार.

या अंधारावर तोड कशी काढली ते पाहायचं असेल तर लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स या चौकातलं १३ नंबरचं घर पाहा. बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ते १८१२-१३ मध्ये स्वतःसाठी बांधलं. न्याहारीच्या छोट्या खोलीवर उथळ घुमट आहे, पण तो दोन बाजूंना भिंतीच्या अलीकडेच थांबतो. त्यापलीकडे छतात काचा दडवलेल्या. त्यांतून उजेड भिंतीवरून खाली ओघळतो आणि घुमटातल्या फुगीर आरशांमध्ये खेळतो. काही काचा मुद्दाम पिवळ्या, म्हणजे लंडनच्या मळभातही इटलीचं ऊन. शेजारच्या चित्रदालनात भिंतीच बिजागरीवर उघडतात आणि आत आणखी चित्रं निघतात. एवढ्याशा खोलीत शंभरावर चित्रं मावलीत.

दर्शनी बाजू मात्र त्यांनी ओळीच्या पुढे काढली, पोर्टलंडच्या पांढरट चुनखडी दगडात. सरकारी सर्वेक्षकाने कोर्टात खेचलं, पण सोन जिंकले. १८३३ च्या कायद्यामुळे ते घर आज संग्रहालय आहे, तेही विनामूल्य.

तुम्हाला तसं घर बांधायचं असेल, तर आधी जिन्यावर छतातून उजेड घ्या, खिडक्यांची उंची मजल्यागणिक ठरवा. खांबांवर खर्च शेवटी, पैसे उरले तर.