युरोपात मेनोनाइट अजून आहेत का, आणि तेही घोडागाडीतून फिरतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले घोडागाडीवाले, टोपीवाले मेनोनाइट (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) व्हिडिओत दिसतात आणि ते मूळचे युरोपातले म्हणतात, तर आज युरोपात त्यांच्यापैकी कुणी उरलंय का, आणि बाकीचे तिथून गेले का?

उरलेत. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मदीक्षेचा संस्कार, घेतलेले सभासद मोजले तर साठ हजारांच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक जर्मनीत. पण रस्त्यात ते तुम्हाला ओळखू येणार नाहीत. गाडी चालवतात, मोबाइल वापरतात, बँकेत आणि कारखान्यांत नोकऱ्या करतात. घोडागाडीचं चित्र मुख्यतः अमेरिकेतल्या आमिशांचं आणि जुन्या वळणाच्या काही मेनोनाइट गटांचं आहे. आमिश म्हणजे १६९३ मध्ये याकोब आमान याच्या मागे मेनोनाइटांतून फुटलेली शाखा. युरोपात आमिश म्हणवणारी शेवटची मंडळी, म्हणजे एकत्र प्रार्थना करणारा स्थानिक समूह, १९३७ मध्ये जर्मनीतल्या झ्वायब्रुकेनजवळ मेनोनाइट मंडळीत मिसळून गेली. त्यानंतर इथे आमिश उरले नाहीत.

मी जर्मनीत बीलेफेल्डजवळ एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. या भागात मेनोनाइट खूप आहेत, पण मला ते कळलं एका आजींमुळे. त्या मुलीशी एका वेगळ्याच भाषेत बोलायच्या. मी नोकरीसाठी शिकलेल्या जर्मनशी तिचा मेळ बसेना. ती प्लाउटडीच. उत्तरेकडच्या सखल प्रदेशातली जुनी बोली, डच शब्द मुरलेली आणि पुढे थोडी रशियनही. दर शनिवारी मुलगी त्यांच्यासाठी ट्वेबाक आणायची. हा लोण्याचा पाव. कणकेच्या मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा ठेवायचा आणि भट्टीत तो घसरू नये म्हणून अंगठ्याने मधोमध दाबून बसवायचा. आजींच्या बोटांना संधिवात होता, तरी एकदा त्यांनी माझ्या तळहातावर अंगठा दाबून किती जोर द्यायचा ते दाखवलं होतं. त्यांच्या घराण्यात लांबच्या प्रवासाला निघताना हेच पाव पुन्हा भट्टीत कडक वाळवून पोत्यात भरत. अशी पोती त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या भरली.

सुरुवात स्वित्झर्लंडमधून. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ, गेओर्ग ब्लाउरॉक आणि आणखी काही जण एका घरात जमले आणि त्यांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. त्यांचं म्हणणं होतं की बाप्तिस्मा समजून-उमजून, स्वतःच्या इच्छेने घ्यायचा असतो. पाळण्यातल्या बाळाला तो देऊन काय उपयोग? आज हे वाचून कुणाला राग येणार नाही. पण तेव्हा बाप्तिस्मा झाला की बाळ चर्चचंही व्हायचं आणि शहराचंही. तो नाकारणं म्हणजे शहराची चौकटच नाकारणं. त्यात हे लोक शपथ घ्यायला आणि शस्त्र धरायला नकार देऊ लागले. स्विस शहरांचा सगळा कारभार नागरिकांच्या शपथेवर आणि त्यांच्याच हातातल्या शस्त्रांवर चालायचा. म्हणजे राज्यकर्त्यांना खरी भीती शस्त्र आणि शपथेची होती, पाण्याची नव्हती, असं मला वाटतं.

शिक्षा मात्र पाण्याचीच दिली. ५ जानेवारी १५२७ ला फेलिक्स मान्झला हात बांधून लिमाट नदीत बुडवलं. काठावरून त्याची आई आणि भाऊ ओरडून सांगत होते की ढळू नकोस. शिक्षा देणारं सरकार प्रॉटेस्टंट होतं, म्हणजे स्वतःच नुकतं रोमपासून फुटलेलं. मी झुरिकला गेले तेव्हा शिप्फे नावाच्या घाटावर ती पाटी शोधून काढली. २००४ मध्ये बसवलेली साधी दगडी पाटी. १५२७ ते १५३२ या काळात मान्झ आणि आणखी पाच जणांना इथे बुडवल्याचं तीवर लिहिलंय, आणि झुरिकमधला शेवटचा बळी हान्स लांडिस, १६१४, हेही. समोरून पर्यटकांच्या होड्या जात होत्या. पाटीशी कुणी थांबत नव्हतं. मी बराच वेळ उभी राहिले.

या चळवळीच्या नावाला मोठा डाग लागला तो १५३४-३५ मध्ये, जर्मनीतल्या म्युन्स्टरला. प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्याच एका गटाने तलवारीच्या जोरावर शहर ताब्यात घेतलं, देवाचं राज्य जाहीर केलं, बहुपत्नीत्व लादलं. शहर पडल्यावर म्होरक्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे आजही तिथेच आहेत, आमच्याकडून रेल्वेने फार लांब नाही. पुढची कित्येक वर्षं बाप्तिस्म्याचं नाव काढलं की लोकांना म्युन्स्टरच आठवायचं.

मेनो सिमन्स याच राखेतून पुढे आला. नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड भागातल्या वितमार्सुमचा हा कॅथलिक पाद्री, जन्म १४९६. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला म्हणून १५३१ मध्ये लेउवार्डनला एका शिंप्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा बाळांच्या बाप्तिस्म्याबद्दल त्याच्या मनात शंका आली. म्युन्स्टरच्या वेडात भोळी माणसं मेली आणि आपण मात्र सुखाच्या गादीवर बसून राहिलो, हे त्याला सहन होईना. १५३६ च्या जानेवारीत त्याने चर्च सोडलं आणि विखुरलेल्यांना शांततेच्या वाटेवर आणण्यात उरलेलं आयुष्य घालवलं. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच्या डोक्यावर शंभर गुल्डनचं इनाम लावलं होतं. तरी १५६१ मध्ये तो अंथरुणातच वारला. लोकांना त्याचं नाव पडलं, मेनोनाइट.

आता तुमच्या ‘गेले का’चं उत्तर. बहुतेक ठिकाणी घडलं ते असं: राजांना या लोकांचे हात हवे होते, श्रद्धा नको होती. डच मेनोनाइटांना पाणी अडवायची, बांध घालायची, पवनचक्कीने पाणी उपसून जमीन काढायची विद्या येत होती. सोळाव्या शतकातच ते आजच्या पोलंडमध्ये डान्झिगजवळ, व्हिस्तुला नदीच्या मुखाशी जाऊन वसले. तिथली दलदल म्हणजे ताप आणि मरण. त्यांनी ती सुपीक केली. आजींच्या बोलीला आकार आला तो इथेच. पुढे हा मुलूख प्रशियाकडे गेला आणि दुसऱ्या फ्रेडरिकने सैन्यातून सूट दिली, पण किंमत लावून: कुल्मच्या लष्करी शाळेसाठी दरवर्षी ५००० थालर. शस्त्र न धरण्याची मुभा शस्त्र शिकवणाऱ्या शाळेला पैसे देऊन विकत घ्यायची! वर नवीन जमीन घेण्यावर बंधनं. पोरं वाढली, जमीन वाढेना.

मग रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिचं बोलावणं आलं. युक्रेनच्या गवताळ मुलखात दर कुटुंबाला ६५ देस्यातिना, म्हणजे सुमारे १७५ एकर जमीन, स्वतःच्या शाळा, आणि सैन्यातून कायमची सूट. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्टिझा वसलं, १८०४ मध्ये मोलोच्ना. ही जमीन काही रिकामी नव्हती. मोलोच्नाच्या आसपास नोगाई लोक गुरं चारत, आणि १८६० च्या सुमारास त्यांना तो मुलूख सोडून जावं लागलं. मेनोनाइटांची गावं भरभराटली, गव्हाची कोठारं झाली, पण त्यांच्यातलीच निम्म्याहून जास्त कुटुंबं भूमिहीन राहिली. ‘कायमची’ सूट शंभर वर्षंसुद्धा टिकली नाही. १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि अठरा हजारांच्या आसपास माणसं कॅनडा-अमेरिकेला निघून गेली. जाताना त्यांनी गव्हाचं बियाणं नेलं; कॅन्ससच्या गव्हाची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. मागे राहिलेल्यांच्या मुलांना बंदुकीऐवजी जंगलखात्यात काम करायची सवलत मिळाली.

१९१७ च्या रशियन क्रांतीनंतरचं सगळं लिहीत बसले तर पानं पुरणार नाहीत. यादवी युद्धात गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, मग दुष्काळ, मग स्टालिन. आजींचे वडील १९३७ मध्ये रात्री नेले गेले, ते परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये जर्मन सैन्य युक्रेनमधून माघारी फिरलं, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे ३५ हजार मेनोनाइट बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन पश्चिमेला निघाले. आजी सहा वर्षांच्या होत्या. गाडीत वाळवलेला ट्वेबाक होता एवढं त्यांना पक्कं आठवायचं. (तुम्ही विचारता ती घोडागाडी त्यांच्या घराण्यात अशी होती.) १९४५ मध्ये बहुतेकांना सोव्हिएत सैन्याने पकडून परत पाठवलं, पण युक्रेनला नाही, कझाकस्तान आणि सैबेरियात.

याच काळातली एक गोष्ट गाळली तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. नाझी राजवटीत जर्मनीतल्या मेनोनाइट मंडळ्यांनी शस्त्र न धरण्याचं तत्त्व सोडून दिलं. युक्रेनमध्येही काही मेनोनाइट तरुण जर्मनांच्या पोलिसांत गेले आणि काहींचा ज्यूंच्या हत्येत हात होता. छळ सोसलेल्या समाजाने हे करावं याचं मला फार दुःख वाटतं. हल्ली त्यांचेच इतिहासकार हे उघडपणे लिहू लागलेत, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

१९८० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत दरवाजे उघडले तेव्हा लाखाहून जास्त मेनोनाइट वंशाचे लोक जर्मनीत आले. फ्रीडलांटच्या छावणीत नोंद, मग मिळेल तिथे घर. आजी १९८९ मध्ये आल्या. त्यांच्या घराण्याने चारशे वर्षांत नेदरलँड्स, व्हिस्तुला, युक्रेन, कझाकस्तान असं वर्तुळ काढलं आणि ते सुरुवातीच्या जागेपासून दीड-दोनशे किलोमीटरवर येऊन थांबलं. आमच्याकडच्या एस्पेलकाम्प, डेटमोल्ड भागात त्यांच्या मोठमोठ्या प्रार्थनागृहांत रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. काही मंडळ्यांत बायका अजून डोक्याला रुमाल बांधतात, कुटुंबं मोठी असतात. एस्पेलकाम्प हे मुळात युद्धातलं दारूगोळ्याचं कोठार. १९५० च्या दशकात निर्वासितांसाठी तिथे घरं बांधायला अमेरिकेतले मेनोनाइट तरुण आले होते, लष्करी नोकरीऐवजी सेवा म्हणून.

बाकी युरोपात चित्र वेगळं. नेदरलँड्समध्ये ते सगळ्यात आधी सुखात आले. १५७७ मध्ये डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याने त्यांची बाजू घेतली, पण पुढेही बराच काळ प्रार्थनास्थळ रस्त्यावरून दिसता कामा नये, असा दंडक होता. अ‍ॅमस्टरडॅमचं सिंगेलकेर्क १६०८ पासून घरांच्या रांगेमागे लपलेलं आहे. दारावरून गेलात तरी कळणार नाही. व्यापारात श्रीमंत झाले, रेम्ब्रांटने त्यांच्या एका उपदेशकाचं चित्र काढलं, हार्लेमचं टेयलर्स संग्रहालय त्यांच्याच एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं. १९११ मध्ये डच मेनोनाइटांच्या एका मंडळीने आना झेर्निके या बाईला पाद्री नेमलं, त्या देशातली पहिली स्त्री पाद्री. आज डच सभासद काही हजारच उरलेत आणि बरेचसे वयस्कर. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या सरकारने त्यांना इतकं हाकललं की ते जुरा पर्वताच्या वरच्या, थंड उतारांवर गेले. तिथून काही फ्रान्सच्या माँबेलियार भागात उतरले आणि त्यांनी जी गाय जोपासली ती आज त्याच नावाने ओळखली जाते. काँते चीजचं दूध बहुतांशी तिचं.

माफीही मागितली गेली, उशिरा का होईना. २००४ मध्ये झुरिकच्या सुधारित चर्चने, आणि २०१० मध्ये श्टुटगार्टला लुथेरन चर्चच्या जागतिक संघाने. २०२५ च्या मे महिन्यात पाचशे वर्षांच्या निमित्ताने जगभरचे मेनोनाइट झुरिकच्या मोठ्या चर्चमध्ये जमले, ज्या चर्चच्या धुरिणांनी त्यांना बाहेर काढलं होतं. आता त्यांच्यात आफ्रिकी आणि आशियाई जास्त आहेत. आपल्या बाजूचा धागाही आहे. मोलोच्नाचं एक जोडपं, अब्राहाम आणि मारिया फ्रीझन, १८९० च्या सुमारास निजामाच्या राज्यात नलगोंड्याला येऊन राहिलं. तेव्हा मराठवाडाही त्याच राज्यात होता. तेलंगणातल्या आजच्या मेनोनाइट मंडळ्यांचं एक मूळ तिथे आहे.

आजी गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी एकदा त्यांनी मला फोनवर त्यांचं गाव दाखवायला सांगितलं होतं. जुनं हाल्बश्टाट, आता मोलोचान्स्क, २०२२ पासून रशियन सैन्याच्या ताब्यात. नकाशा मोठा करत त्यांनी नदी शोधली, शाळेची इमारत कुठे असावी ते बोटाने दाखवलं आणि फोन परत दिला.

इकडे कधी आलात तर रविवारी दुपारी चारच्या सुमारास एखाद्या मेनोनाइट घरी जायचा योग साधा. त्या वेळच्या खाण्याला फास्पा म्हणतात: ट्वेबाक, मुरंबा, चीज, कॉफी. चूल पेटवायची नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशीच भाजलेलं असतं आणि न सांगता आलेल्या पाहुण्यालाही पुरतं. ट्वेबाकचा वरचा गोळा आधी खुडून खायचा, मुलं तसंच करतात.